व्हिटॅमिन डी रोज, वर्षानुवर्षं घेणं कितपत सुरक्षित?

सावनी
नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी विचारतेय. ती ६८ वर्षांची, सांगलीला असते. काही वर्षांपूर्वी अंग खूप दुखायचं, जिना चढताना मांड्यांत जोरच नसायचा, तेव्हा तपासलं तर रक्तातलं डी ११ नॅनोग्रॅम निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक ६०,००० आययूची (डी मोजायचं एकक) कॅप्सूल असं आठ आठवडे दिलं आणि नंतर रोज २००० आययूची गोळी सुरू केली. तिला फरक पडला, अगदी स्पष्ट पडला. पण ती रोजची गोळी तेव्हापासून चालूच आहे, नंतर कुणी तपासलेलं नाही आणि बंद करा असंही कुणी म्हटलेलं नाही. आता माझा भाऊ म्हणतोय हे व्हिटॅमिन शरीरात साठतं, बी किंवा सी सारखं लघवीवाटे निघून जात नाही, किडनी खराब होईल, आजच बंद कर. आणि मावशी म्हणते मी तर दर रविवारी ६०,००० ची पुडी घेते, कित्येक वर्षं, मला काय झालंय? दोघांमध्ये आई बिचारी गोंधळली आहे. इतकी वर्षं रोज घेणं खरंच धोक्याचं आहे का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा प्लीज.

दुपारचा चहा
आमच्याकडे बाबांचं अगदी हेच. वाचतेय.

रानवारा
माझं मत सांगतो, राग मानू नका. ज्या देशात वर्षाचे दहा महिने ऊन आहे तिथे उन्हाची गोळी विकत घ्यायची हेच मला पटत नाही. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास बसवा आईंना, गोळी सुटेल. आमच्या आजीने नव्वदी गाठली, तिला डी म्हणजे काय माहीत नव्हतं.

डॉ. कदंब
सावनीताई, मी एमडी मेडिसिन आहे, कोल्हापूर भागात प्रॅक्टिस करतो. आईंना न तपासता त्यांच्याबद्दल काही ठरवणार नाही, पण जे सगळ्यांना लागू आहे ते लिहितो.

भाऊ म्हणतात त्यातलं अर्धं बरोबर आहे. डी चरबीत विरघळतं आणि चरबीत साठतं. पण साठतं म्हणजे आपोआप विष होतं असं नाही. डी जास्त झालं की आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि त्रास देतं ते हे कॅल्शियम. तिथपर्यंत जायला रक्तातलं डी साधारण १५० नॅनोग्रॅमच्या वर जावं लागतं. रोज १००० किंवा २००० घेऊन धडधाकट माणूस तिथे पोचत नाही.

रोज २००० हाच डोस घेऊन अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय, व्हायटल नावाचा. जवळजवळ २६,००० माणसं, पुरुष पन्नाशीच्या पुढचे, बायका पंचावन्नच्या पुढच्या, पाच वर्षांहून जास्त काळ. त्यात ना रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचं प्रमाण जास्त निघालं ना मुतखड्याचं. आपल्या आयसीएमआरने २०२० मध्ये मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आययू धरलीय आणि वरची मर्यादा ४०००. म्हणजे २००० हा मधला डोस आहे.

मावशींचं गणित मात्र वेगळं आहे. ६०,००० भागिले ७ म्हणजे रोजचे साडेआठ हजार झाले. आठ-बारा आठवड्यांसाठी ठीक, कमतरता भरून काढायला तो देतातच. वर्षानुवर्षं घ्यायचा डोस तो नाही. त्यांना काही झालं नाही हे त्यांचं भाग्य, पण त्यांचं कॅल्शियम एकदा तपासून घ्याच.

भातुकली
आमच्याकडे ती पुडी दुधात टाकली की अहो म्हणतात आज बासुंदी का? :) दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी मला हसू येतं.

शेवंता
मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते कारण आमच्या घरात हे घडलंय.

सासरे ७४ वर्षांचे, शेतकरी माणूस, कधी आजारी नाहीत. गुडघे दुखतात म्हणून तालुक्याला दाखवलं, तिथे एक इंजेक्शन दिलं आणि पुड्या लिहून दिल्या. आठवड्यातून एकदा हे कागदावर इंग्रजीत घाईघाईने खरडलेलं. घरी मोठी जाऊबाई, त्यांना ते वाचता येईना, मेडिकलमध्ये पुड्या दिल्या आणि दुधातून घ्या एवढंच सांगितलं. झालं, रोज रात्री दुधातून एक पुडी. संपल्या की पुन्हा त्याच चिठ्ठीवर आणायच्या, कुणी अडवलं नाही, दोन-अडीच महिने असं चाललं.

आधी जेवण कमी झालं. मळमळ, बद्धकोष्ठता, मग खूप तहान, रात्री चार-पाचदा लघवीला उठणं. शुगर तपासली, नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग हळूहळू बोलण्यात घोटाळा व्हायला लागला, भरदुपारी गाय धारेची वेळ झाली म्हणून गोठ्यात जायचे, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायचे. आम्ही सगळे समजलो म्हातारपण आलं, विसरायला लागले. आता विचार केला की अंगावर काटा येतो, कारण आम्ही ते मान्य करून टाकलं होतं.

मोठ्या दवाखान्यात ॲडमिट केलं तेव्हा एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सांगितलं, घरात असतील नसतील ती सगळी औषधं पिशवीत भरून आणा. त्या पिशवीतून रिकाम्या पुड्यांचा ढीग निघाला. कॅल्शियम १३.८ होतं, जास्तीत जास्त साडेदहापर्यंत हवं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे किडनी कमी काम करतेय) २.६. डी तर लॅबच्या मोजपट्टीच्या बाहेर, नुसतं १५० पेक्षा जास्त एवढंच लिहून आलं. सलाईन, स्टिरॉइड, दूध बंद. कॅल्शियम उतरलं, घरी आणलं, तर दोन आठवड्यांनी पुन्हा चढलं. डॉक्टर म्हणाले चरबीत साठलेलं आहे ते हळूहळू बाहेर येत राहणार, महिनोन् महिने. तसंच झालं. डोकं पूर्ण ताळ्यावर आलं, देवाची कृपा, पण किडनी पहिल्यासारखी झाली नाही, क्रिएटिनिन दीडवर राहिलंय.

म्हणून सावनी, तुझ्या आईची २००० ची गोळी आणि आमच्याकडचा प्रकार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीती घालायला नाही सांगत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधाची पिशवी उलटी करून बघा, प्रत्येकाने बघा.

दुपारचा चहा
शेवंता, वाचून सुन्न झाले. आत्ताच बाबांना फोन केला. कॅप्सूल दर रविवारीच घेतात, पण कधी थांबायचं हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही.

औषधवाला
शेवंताताई, मी बारामतीकडे मेडिकल चालवतो, डी.फार्म आहे. तुम्ही लिहिलंय ते मी वेगवेगळ्या रूपात पाहिलंय. अडचण अशी आहे की बाकीच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात, म्हणून आठवड्याची गोष्ट पेशंटच्या डोक्यात बसतच नाही. मी पुडीवर मार्करने मराठीत वार लिहून देतो, आणि शेवटच्या पुडीवर "आता डॉक्टरांना दाखवा". एवढ्याने खूप फरक पडतो. जुन्या चिठ्ठीवर डी देणं मी बंद केलंय, गिऱ्हाईक तणतणत दुसरीकडे जातं, जाऊ दे.

आणखी दोन गोष्टी, ज्या लोकांना माहीत नसतात. एक म्हणजे कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत २५० ते ५०० आययू डी असतंच, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं, प्रोटीन पावडरमध्येही. चार ठिकाणांहून येतं आणि कुणी बेरीज करत नाही. पाकिटावर मायक्रोग्रॅममध्ये दिलं असेल तर ४० ने गुणा, २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० आययू. दुसरं, काही कॅल्शियमच्या गोळ्यांत कॅल्सिट्रायॉल असतं. ते डी चं तयार, थेट काम करणारं रूप आहे आणि नेहमीच्या डी च्या टेस्टमध्ये दिसतच नाही. म्हणजे रिपोर्ट छान आणि कॅल्शियम वर, असं होऊ शकतं. किडनीच्या पेशंटना ते मुद्दाम देतात, तिथे त्याची गरज असते, पण नुसत्या गुडघेदुखीला वर्षभर घ्यायचं औषध नव्हे ते.

मेघना_लेस्टर
इकडे इंग्लंडमध्ये सरसकट सल्ला असा की ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० आययू घ्या, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी बारा महिने घेण्याचा विचार करा. इतका छोटा डोस, आणि तपासणीबिपासणी काही नाही. मी भारतातून आले तेव्हा डॉक्टरीणबाईंना ६०,००० सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, सिक्स थाउजंड म्हणायचंय का? :)

एक सूचना. इकडचे रिपोर्ट नॅनोमोलमध्ये येतात, भारतातले नॅनोग्रॅममध्ये. अडीचने भागायचं. सासूबाई इकडे आल्या तेव्हा ५० बघून खूश झाल्या, म्हणजे खरं तर २० होतं. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरवताना युनिट बघा.

पिंपळपान
मला एक कळत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेच (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) सांगितलं ना, की धडधाकट माणसांची डी सरसकट तपासू नका, आणि ३० च्या वर असलंच पाहिजे हे त्यांनीच २०११ मध्ये सांगितलेलं मागे घेतलं? मग हा सगळा बाजार कशासाठी चाललाय? दर फुल बॉडी चेकअपमध्ये डी, दर रिपोर्टमध्ये लाल अक्षरं, दर माणसाला पुडी. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही ज्या व्हायटलचं नाव घेतलंत त्यात कॅन्सर आणि हार्ट ॲटॅक कमी झाले का? नाही. हाडं मोडायची कमी झाली का? तीही नाही. मग सुरक्षित आहे म्हणून घ्यायचं, हा काय युक्तिवाद झाला? फायदा नसेल तर सुरक्षित गोष्ट तरी कशाला घ्यायची?

डॉ. कदंब
पिंपळपान, प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही दिलेली माहितीही बरोबर आहे. फक्त व्हायटलमधली माणसं बघा. त्यांची सुरुवातीची सरासरीच ३० च्या आसपास होती, म्हणजे त्यांच्यात कमतरता फारशी नव्हतीच. पोट भरलेल्याला जेवण वाढून उपाशी माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. सावनीताईंच्या आईंचं ११ होतं, मांड्यांतली ताकद गेली होती, हाडं मऊ पडण्याच्या वाटेवरचं लक्षण आहे ते. अशा बाईला डी द्यायचं की नाही यावर कुठल्याही गाइडलाइनचं दुमत नाही.

पण ज्याला काही त्रास नाही, ज्याचं डी २२-२४ आहे आणि रिपोर्टवर लाल अक्षर आलंय एवढ्याच कारणाने ६०,००० चालू आहे, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. वीसच्या वर असेल तर बहुतेकांच्या हाडांना ते पुरतं.

पिंपळपान
हे मान्य. माझा राग त्या दुसऱ्या प्रकारावरच आहे.

रानवारा
उन्हाबद्दल कुणीच बोलेना.

अनुजा क.
रानवारा, बोलूया. मी फिजिक्स शिकवते. कातडीत डी तयार होतं ते यूव्हीबी किरणांनी, आणि सूर्य खाली असताना ते किरण हवेतच अडतात. कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, पण डी साठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण अकरा ते दोन. तेही काचेतून नाही, काच यूव्हीबी अडवते. आता सांगा, मे महिन्यात सांगलीला ६८ वर्षांच्या बाईने बारा वाजता पाठ-दंड उघडे टाकून गच्चीवर बसायचं का? तुमच्या आजी शेतात राबत असणार दिवसभर, त्यांना मिळत होतं. आमच्या सोसायटीतल्या आज्यांना नाही मिळत.

रानवारा
शेतातच असायची. बारा वाजताचा मुद्दा माहीत नव्हता, चांगलं सांगितलंत. पण तरुण माणसांनी तरी दुपारी पंधरा-वीस मिनिटं बाहेर पडावं, यावर ठाम आहे. आणि ऊन कितीही घेतलं तरी त्याने डी चं विष होत नाही, शरीर स्वतःच थांबवतं, बरोबर ना डॉक्टर?

डॉ. कदंब
अगदी बरोबर. उन्हाने ओव्हरडोस होत नाही.

वेंगुर्लेकर
मासे खावा मासे! बांगडो, तारली. गोळी कशाक?

भातुकली
वेंगुर्लेकर, आम्ही शाकाहारी मंडळी काय करणार? +F लिहिलेलं, म्हणजे वरून डी घातलेलं दूध घेते मी.

औषधवाला
+F च्या दुधात लिटरला २०० ते ३०० आययू असतं. म्हणजे कपभर दुधात पन्नास धरा. प्या, चांगलंच आहे, पण ११ चं ३० त्याने होणार नाही.

मुक्काम पोस्ट
जास्त घेतलं की हाडं जास्त मजबूत, असं जिममधली पोरं मानतात, म्हणून हे लिहितो. कॅनडात कॅलगरीला ४००, ४००० आणि १०,००० आययू रोज, तीन वर्षं, असा अभ्यास झाला होता, २०१९ ला आला. हाडांची घनता जास्त डोसवाल्यांची कमी निघाली. आणि ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा एकदम ५ लाख आययू देऊन पाहिलं होतं, तर त्या उलट जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली. त्यामुळे एकदम मोठा डोस देऊन मोकळं व्हायचं, ही कल्पना म्हाताऱ्यांसाठी वाईट आहे. रोज थोडं हेच बरं. आमच्या वडिलांचं याच कारणाने इंजेक्शन बंद करवलं, रोज १००० वर आहेत, जेवणानंतर घेतात. तेलातुपाबरोबर चांगलं शोषलं जातं.

सावनी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं वाचून डोक्यातला गुंता बराच सुटला. शेवंताताई, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. आता एक सांगायचं राहिलं होतं. आई रोज ५०० ची कॅल्शियमची गोळीही घेते, आणि बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे असं पाकिटावर दिसतंय. खूप वर्षांपूर्वी तिला मुतखडाही झाला होता. याने काही फरक पडतो का?

डॉ. कदंब
पडतो. हे आधी सांगायला हवं होतंत ताई :)

क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही औषधं लघवीतून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे डी आणि कॅल्शियम दोन्ही चालू असताना रक्तातलं कॅल्शियम वर सरकू शकतं. बहुतेकांचं सरकत नाही, पण बघायला हवं. मुतखड्याचं म्हणाल तर गोळीतल्या कॅल्शियमचा प्रश्न जास्त आहे. अमेरिकेत बायकांच्या मोठ्या अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० डी दिलं होतं, त्यात मुतखडे १७ टक्के जास्त निघाले. दूध, नाचणी, तीळ, जेवणातलं कॅल्शियम वेगळं, त्याने उलट खडा कमी होतो.

तीन गोष्टी तपासून घ्या: कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डी. पहिल्या दोन फार महागही नाहीत आणि धोका आहे की नाही ते त्याच सांगतात. लोक नुसतं डी तपासतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

निशिगंध
डॉक्टर, माझ्या नवऱ्याला टीबी झाला होता, उपचार चालू असताना कुणीतरी डी सुचवलं होतं. घ्यावं का?

डॉ. कदंब
टीबी आणि सार्कॉइड (हाही शरीरात गाठी होणारा आजार) यांत गाठींमधल्या पेशी स्वतःच डी चं तयार रूप बनवतात, शरीराचा लगाम तिथे चालत नाही. त्यामुळे साध्या डोसनेही कॅल्शियम वाढू शकतं. कमतरता असेल तर देतात, पण कॅल्शियम बघत बघत आणि छातीच्या डॉक्टरांना विचारून. पॅराथायरॉइडचा (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा) आजार असणाऱ्यांनीही तसंच.

मुक्काम पोस्ट
आणि ते के२ चं, म्हणजे व्हिटॅमिन के च्या एका प्रकाराचं काय? आजकाल डी३ बरोबर के२ नसेल तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जमतं असं प्रत्येक रीलमध्ये सांगतात.

औषधवाला
के२ वाल्या गोळ्या दुप्पट भावाने जातात, एवढं मी नक्की सांगू शकतो. पण एक इशारा: ज्यांच्या हृदयाची झडप बदललीय किंवा जे रक्त पातळ करायच्या ॲसिट्रोम, वॉर्फरिनसारख्या गोळ्या घेतात त्यांनी के२ डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नका. के नेमकं त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

डॉ. कदंब
औषधवाल्यांना अनुमोदन. डी घेणाऱ्याला के२ घ्यायलाच हवं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

सावनी
अपडेट देते. आईचे रिपोर्ट आले. डी ४४, कॅल्शियम ९.६, क्रिएटिनिन ०.८. आमच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी थांबवली, रोज दूध-दही आणि नाचणीची भाकरी होतेच म्हणून. डी २००० वरून १००० केलं आणि ते चालू ठेवायला सांगितलं, कारण पूर्ण बंद केलं तर काही महिन्यांत पुन्हा खाली जाईल, आई बाहेर पडतच नाही फारशी. वर्षातून एकदा कॅल्शियम आणि क्रिएटिनिन. भावालाही पटलं. मावशीला मात्र अजून तयार करतेय, ती म्हणते तपासलं की काहीतरी निघतंच!

शेवंता
छान झालं ग. मावशीला सोडू नकोस, गोड बोलून घेऊन जा.

दुपारचा चहा
बाबांचं कॅल्शियम १०.१ आलं, नॉर्मल. साप्ताहिक कॅप्सूल बंद, आता महिन्याला एकच. डॉक्टर म्हणाले रोजचे २००० पडतात.

मुक्काम पोस्ट
महिन्याला ६०,००० हाच डोस ऑस्ट्रेलियात पाच वर्षं २१,००० च्या वर म्हाताऱ्या माणसांना दिला होता. आयुष्य वाढलं नाही, पण विषबाधेचा प्रश्नही आला नाही. तेव्हा निर्धास्त राहा.

ऋतुजा
जरा अवांतर, पण इथेच विचारते. बाळाला डी चे थेंब रोज द्यायला सांगितलेत, तीन महिन्यांचं आहे. आता नवीन बाटली आणली तर ड्रॉपर वेगळाच दिसतोय. सासूबाई म्हणतात पूर्वीइतकंच दे. काय करू?

औषधवाला
ऋतुजाताई, आज थेंब देऊ नका, आधी बाटली वाचा. बाळाला एक वर्षापर्यंत रोज ४०० आययू लागतं. बाजारात १ मिलिलिटरमध्ये ४०० वालेही आहेत आणि ८०० वालेही, दिसायला सारखेच. ८०० वाली असेल तर अर्धा मिलिलिटरच द्यायचा. ड्रॉपर त्याच बाटलीबरोबर आलेलाच वापरा, जुना धुऊन ठेवलेला नाही. कळत नसेल तर दोन्ही बाटल्या घेऊन मेडिकलमध्ये किंवा बाळाच्या डॉक्टरांकडे जा. एक दिवस चुकला तर काहीही बिघडत नाही.

ऋतुजा
आत्ता बघितलं. जुनी ४०० ची होती, ही ८०० ची आहे. अर्धा मिलिलिटरवर खूण करून ठेवली आणि सासूबाईंनाही दाखवली. खूप खूप धन्यवाद दादा.